फ्रिजची किल्ली

लामिसीमॅडमच्या आरोग्य केंद्रात कापसाचा बोळाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पूर्वी तिथल्या औषधांना पाय फुटायचे. बाई प्रमुख झाल्या आणि औषधांच्या फ्रिजला कुलूप लागलं. किल्ली कायम त्यांच्या पर्समध्ये. जिल्ह्याच्या साहेबांनी तोंडभर कौतुक केलं, तेव्हापासून बाई जरा हवेतच होत्या.

बोल्गा शहरात व्यवस्थापनाचं प्रशिक्षण होतं, तिथंही ती पर्स काखेत होतीच. 'प्रमुखानं हाताखालच्यांवर विश्वास टाकावा' या विषयावर बाई असं काही फर्डं बोलल्या की टाळ्या पडल्या. फोन बंद ठेवला होता. शिस्त म्हणजे शिस्त!

चहाच्या सुट्टीत फोन सुरू केला, तोच वाजला. पलीकडे नर्स आयिनपोका रडत होती.

"मॅडम, बाळंतिणीचं रक्त थांबेना. इंजेक्शन फ्रिजमध्ये अन् किल्ली तुमच्याकडं. शेवटी तीनचाकीत घालून मोठ्या दवाखान्यात धाडलं तिला."

"अगं, मग कुलूप तोडायचं ना!"

"मागं सलाइनसाठी अकोल्गोनं कपाटाचं तोडलं, तर तुम्ही सगळ्यांदेखत त्याला चोर म्हणालात, मॅडम."

बाई म्हणाल्या होत्या खऱ्या. अकोल्गो म्हातारा वॉचमन, मान खाली घालून उभा होता, आणि बाईंना तेव्हा आपल्या कडक कारभाराचा अभिमान वाटला होता.

बाळंतीण वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. पहिलंच मूल होतं तिचं. ती घरी आल्यावर तिचा नवरा आयाम्गा केंद्रात आला. हातात पाय बांधलेली जिवंत गिनी कोंबडी.

"मॅडम, हे तुम्हाला. तुमच्या माणसांनी गाडी मिळवून दिली म्हणून बायको हाती लागली माझ्या."

अकोल्गो, आयिनपोका दोघंही दारात उभे. बाईंना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"आयाम्गा, औषध इथंच होतं. किल्ली माझ्याजवळ राहिली. माझं चुकलं रे."

त्याला वाटलं, मॅडम उगाच मनाला लावून घेताहेत.

"सांगितलं मला नर्सबाईंनी. अहो, किल्ली तुमच्याजवळ होती म्हणून तर औषध जागेवर राहिलं! नाहीतर चोरांनी कधीच लांबवलं असतं," असं म्हणून त्यानं कोंबडी त्यांच्या हातात दिली.

अकोल्गोनं मान खाली घातली.