मेलेल्या माणसांची यादी

फुकट काम करायला माणसं मागणारा पाहुणा वाडीत आला, तेव्हा भिकानं आधी पाहिलं ते त्याच्या काखेतल्या वहीकडे. चेहरा नंतर. वही घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा कितीही गोड असला तरी त्यावर जायचं नसतं, हे तो सोळा वर्षांपूर्वीच शिकला होता.

एकोणीसशे छत्तीस सालचा उन्हाळा. दिंडोरीच्या पश्चिमेला कोळ्यांची वीस घरांची वाडी. पाहुणा नाशिकचा, विणकराचा मुलगा, नाव शौकत मास्तर. विहिरीपाशी उभा राहून तो म्हणाला, "तुम्ही पायऱ्यांनी उतरता, पाय बुडवता आणि तेच पाणी पिता. म्हणून घरोघर पायांतून नारूचा किडा निघतो. पायऱ्या बुजवू, वर कठडा बांधू, रहाट बसवू. बारा स्वयंसेवक पाहिजेत. नावं सांगा, लिहून घेतो."

"सोयंसेवक म्हंजी?" भिकानं विचारलं.

"आपल्या मर्जीनं काम करणारा."

"मजुरी?"

"नाही."

"भाकर?"

"ज्याची त्यानं आणायची."

"म्हंजी वेठ," भिका शेजारच्या फकिराच्या कानात म्हणाला.

वेठ वाडीला नवी नव्हती. साहेबाचा मुक्काम हलला की यादी यायची. यादीत नाव असेल त्यानं तंबूचं ओझं डोक्यावर घ्यायचं आणि घाट चढायचा. भिकाचा बाप लहानू अंगात ताप असताना गेला होता. ताप आहे म्हणून त्यानं सांगितलं, पाया पडून सांगितलं. पण नाव यादीत होतं. परत आला तो चौघांनी उचलून आणलेला. भिका तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

नाही म्हणून सांगावं, तर पाहुण्याला वाडीत आणणाऱ्या पाटलाचा रोष. मग भिकानंच युक्ती काढली. "काम करू, पन खरं नाव द्यायचं नाय. मेलेल्याचं द्या. मेलेल्याला कोन धरून नेतंय?"

बारा जणांनी बारा मेलेली नावं दिली. फकिरानं चुलत्याचं दिलं. भिकाची पाळी आली तेव्हा त्याच्या तोंडून बापाचं नाव निघालं. एकदा नेलंत ना त्याला, आता पुन्हा नेऊन दाखवा, अशी काहीतरी जळती भावना त्यामागे होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी हजेरी सुरू झाली. "लहानू!" मास्तर पुकारायचा. "हाय!" भिका म्हणायचा. मास्तर स्वतः चिखलात उतरून दगड उचलू लागला, तसा भिकाचा संशय दुणावला. वेठीवरचा मुकादम कधी दगडाला हात लावतो काय? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. बरं, हा बाबा हुकूमही सोडत नव्हता. रोज विचारायचा, "आज पुढं कोण? तुम्ही ठरवा." म्हणजे काही बिघडलं की हा नामानिराळा आणि आपण अडकलो, असा भिकानं हिशेब लावला. म्हणून तो प्रत्येक गोष्ट स्वतः तपासू लागला. दगड हलवून पाहायचा, चुना बोटांनी चोळून पाहायचा, कड ढासळेल म्हणून माणसं मागे ओढायचा.

चौथ्या दिवशी, पायऱ्या बुजल्यावर, मास्तर कंबरेला दोर बांधून विहिरीत उतरणार होता. दोर त्यानं स्वतः नाशिकहून आणलेला, नवा कोरा.

"थांबा," भिका म्हणाला. त्यानं दोराला मोठा दगड बांधून आत सोडला. निम्म्यावर गेला आणि दोर तटकन तुटला. खाली पाण्याचा आवाज झाला.

भिकानं घरचा तागाचा दोर आणला, तीनदा ताणून पाहिला, मग मास्तराला उतरू दिलं. त्या दिवसापासून कुणी मास्तराला काही विचारेना. सगळे भिकालाच विचारू लागले. मास्तर हसून म्हणाला, "इतका संशयी माणूस पुढं असला की कुणी मरत नाही. बोला, तुमचा नाईक कोण?"

"लहानू!" अकरा जण ओरडले. भिकाला ते मुळीच आवडलं नाही.

रहाट बसला त्या दिवशी मास्तर म्हणाला, "लहानूभाऊंनी आठ दिवस नाशिकला यावं. तिथं हे काम शिकून शेजारच्या वाड्यांना शिकवावं. नाव आजच कळवतो."

झालं! आधी यादी, मग नाव, आता बोलावणं. भिका घरी गेला आणि आत कुडाआड बसला.

थोड्या वेळानं मास्तर दारात आला. बाहेर बाजेवर भिकाची म्हातारी आई बयाबाई बसली होती. तिच्या घोट्यातून नारू निघत होता. काडीला गुंडाळून वर चिंधी बांधली होती.

"आजी, लहानू आहे का घरात?"

म्हातारीनं विचारलं, "कोन?"

"लहानू. तुमचाच मुलगा ना?"

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "त्ये नाव मला घेता येत नाय. त्ये माझ्या पोराचं नाय, मालकाचं हाय. त्यांना जाऊन सोळा वर्सं झाली. यादीत नाव व्हतं म्हनून नेलं, आन् उचलून आनलं."

मास्तर खाली मातीत बसला. त्यानं वही उघडली आणि बाकीची नावं एकेक करून वाचू लागला.

"मेला," बयाबाई म्हणायची. "मेला. ह्यो पटकीत मेला. ह्यो आगुदरच मेला."

शेवटच्या नावानंतर मास्तरानं वही मिटली. आता हा पाटलाकडं जाणार, या धास्तीनं भिका बाहेर आला. मास्तरानं ते पान फाडून त्याच्या हातात दिलं.

"तुमची यादी तुमच्याकडं ठेवा. नाशिकला यायचं की नाही, तुम्ही ठरवा."

"आन् नाय आलो तर?"

"तर पुढच्या वाडीत मी असाच दोर घेऊन जाईन. तपासायला कुणी नसेल."

भिकानं कागद उलटसुलट करून पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं. तरी पाहिला. मग म्हणाला, "लिव्हा. भिका."

"वडलांचं नाव?"

भिकानं आईकडं पाहिलं. "लहानू."

पेन्सिल थांबली, तशी म्हातारी बाजेवरून पुढं वाकली. "काय लिवलं, वाचा की."

"भिका लहानू."

"म्हागलं पुन्यांदा वाचा."

"लहानू."

मास्तर दारात येईपर्यंत सोळा वर्षांत ते नाव तिच्यापुढं कुणी घेतलं नव्हतं, आणि तिला तर ते जन्मात घेता आलं नव्हतं. तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"आनखी येकदा," बयाबाई म्हणाली.