फरशी आणि फळ्या

“पाठ फिरवा, आकाराममामा. तिच्याकडं बघायचं न्हाय,” कँटीनच्या शहाबादी फरशीवर खडूने फुली मारत मी चौथ्यांदा सांगितलं.

ते फुलीवर उभे राहिले. नाटकात त्यांच्या मुलीचं काम करणारी शिवलीला म्हणाली, “मी निघते, आबासाहेब.” मामांचं वाक्य आलंच नाही. मग घाईने बोलले ते नेमकं तिच्या पुढच्या वाक्यावर.

शहाण्णव साल. शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीतली माणसं कामगार नाट्यस्पर्धेसाठी एक जुनं, गाजलेलं नाटक बसवत होती. दिग्दर्शक मी, हजेरी कारकून. पुस्तकात मामांचा राजा तिथे पाठ फिरवतो, म्हणून मलाही ती फिरलेलीच हवी होती.

“लक्ष कुठं हाय तुमचं?”

“ऐकू येत न्हाय, सायेब.” ते खाली बघत म्हणाले. “सव्वीस वर्सं ग्राइंडरवर काढली. तिचं तोंड दिसलं की कळतंय. पाठ केली की समदं बंद.”

“मी पाय आपटते की त्यांच्यासाठी,” शिवलीला मध्ये पडली. “ह्या फरशीत कळंना झालंय. लाकडी स्टेजवर पायाला हादरा कळंल.”

“आन् तिथंबी न्हाय कळलं तर?” मी विचारलं.

मामा पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. आयुष्यातली ही पहिली मोठी भूमिका. दोन महिने भाकरीच्या फडक्यात संवादांची वही बांधून आणत होते. हे सगळं माहीत असून मी भूमिका स्टोअरमधल्या राजशेखरला दिली. फळ्यांवर एकदा तालीम घेऊन बघावी, हे सुचलं नाही असं नाही. मी भ्यालो.

“मग पडदा वढू काय?” एवढंच त्यांनी विचारलं. “तुमी हात वर केला की वढतो.”

प्रयोगाला ते विंगेत माझ्याशेजारी होते, अनवाणी. चपला घालून ते कधी रंगमंचावर चढले नाहीत. राजाचा प्रवेश आला. राजशेखरने पाठ फिरवली. मामा भिंतीकडे तोंड करून दोरीची गाठ सोडवत होते.

“मी निघते, आबासाहेब,” शिवलीला म्हणाली आणि सवयीने तिचा पाय फळ्यांवर आपटला.

मामांचे हात थांबले. मान ताठ झाली. ओठ हलले, आवाज न करता. “जा पोरी, दिवा तेवढा घेऊन जा.”

राजशेखरचं तेच वाक्य त्यांच्यानंतर आलं.

मामा वळले, दोरी हातात घेतली आणि इशाऱ्यासाठी माझ्याकडे बघू लागले. प्रवेश संपला होता. माझा हात वर होईना.