इंदुमतीबाईंची कोरी कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या इंदुमतीबाईंच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. बाई कॉलेजात मराठी शिकवायच्या. वडील निजामाच्या काळातले वकील, त्यामुळे घरात उर्दू होतीच. अरबी शिकवायला शेजारच्या सकीना आपा येत.

अरबी आणि उर्दूतल्या बायकांनी स्वतःचं आयुष्य कसं लिहिलं, हे बाई ताडून पाहत होत्या. आपा वाचायच्या, अर्थ सांगायच्या आणि मी सगळं टिपून घ्यायचो.

एका दुपारी बाई मधेच थांबून म्हणाल्या, "आपा, गंमत बघा. अरबीत 'मी गेले' म्हटलं तर बोलणारी बाई आहे की पुरुष, कळतच नाही. उर्दूत तुमच्या बेगमा 'हम गए' म्हणून घोळक्यात मिसळून जातात. आमच्या मराठीत 'मी गेले' म्हटलं, की बाई दिसलीच! लपायला जागा नाही."

आपा हसल्या. "तो तुम अपना कब लिखते जी?"

"पहिले हे पुस्तक होऊ द्या."

पुस्तक झालं. हिमायतनगरला सत्कार झाला, त्या टाळ्याही मी टिपल्या. पुढे घरात मोबाइल आले आणि मी कपाटावर गेलो. आपा वारल्या. बाईंचं स्वतःचं लिहायचं राहूनच गेलं.

गेल्या दिवाळीनंतर बाईंनी मला खाली उतरवलं, पदरानं पुसलं. नातीला म्हणाल्या, "प्रियदर्शिनी, तुला मराठी धड वाचता येत नाही. मी माझं बोलून ठेवते, तू ऐक." नवी कॅसेट घालून त्यांनी बटण दाबलं आणि माझा जुना रबरी पट्टा तुटला.

"मकरंद, एवढा दुरुस्त करून आण रे."

"हौ आई, रविवारी नेतो," मुलगा म्हणाला. मग रविवारमागून रविवार गेले. "तोवर मोबाइलवर बोल ना."

"तो मधेच वाजतो. ह्याच्यापुढे बसायची मला सवय आहे."

संक्रांतीच्या सुमारास बाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. मग मात्र मकरंदनं शहरभर फिरून मला दुरुस्त करून आणलं.

प्रियदर्शिनीनं मला आजीच्या पलंगापाशी ठेवलं, बटण दाबलं. "आजी, झाला नीट. बोल ना."

बाईंचे ओठ हलले. मकरंद उठून बाहेर गेला.

"बरं, मी विचारते," नात म्हणाली. "तू लहानपणी विद्यानगरला राहायचीस का?" बाईंनी मान हलवली. "आजोबांना तुझं लिहिणं आवडायचं?" बाई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. मग डोळ्यांतून पाणी आलं.

मित्रांनो, तुटलेला पट्टा बदलता येतो, गेलेली वाचा नाही. म्हणून सांगतो, घरातलं माणूस बोलतं आहे तोवर त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा. त्या दिवशी मी शेवटपर्यंत फिरत राहिलो. माझ्या कॅसेटवर सगळे प्रश्न नीट उमटले आहेत. हललेली मान काही मला टिपता आली नाही.