धाकटीच्या हातचं दही

दुधाच्या त्या लहानशा कारखान्यात दोघी सुना आलटून पालटून विरजण लावायच्या. एक दिवस थोरली, एक दिवस धाकटी. थोरलीचं दही सुरीने कापावं असं लागायचं. धाकटीच्या दिवसाचं मात्र सकाळी झाकण काढून बघावं, तर दूध जसंच्या तसं पातळ.

एकदा झालं तेव्हा सगळे हळहळले. मग पुन्हा झालं, पुन्हा झालं, आणि घरातल्या नजरा बदलल्या. धाकटी पूर्वी कचेरीत नोकरीला होती, म्हणून थोरली तिला ‘बाईसाहेब’ म्हणायची. आता म्हणू लागली, बाईसाहेबांचा हात दुधाला मानवत नाही. कारखाना सासूबाईंचा. बाई मायाळू, पण गिऱ्हाइकं तुटायला लागली तशी त्यांच्याही मनात पाल चुकचुकली. त्यांनी धाकटीला जवळ बसवून सांगितलं, की तपासणी होऊ दे. तुझ्याकडूनच बिघडतंय असं निघालं तर तू घरीच बरी. धाकटीने नोकरी सोडली होती ती याच कामासाठी. ती उठली, घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

प्रयोगशाळेतून तपासनीस बाई आल्या. थोरलीने त्यांना दारातच गाठून सगळी कुंडली ऐकवली. बाईंनी ऐकून घेतलं, उलट्या क्रेटवर बसल्या आणि म्हणाल्या, मी इथे नाहीच असं समजा, धाकटीच्या दिवशी जे जे करता ते करा.

धाकटीने भांडी उकळत्या पाण्याने धुतली, पालथी घातली आणि दूध बघायला आत गेली. ती वळते न वळते तोच थोरलीने फळीवरून जंतुनाशकाची बाटली उतरवली आणि फडक्याने एकेक भांडं आतून पुसून काढलं. इतक्या सवयीने, की कुणी बघतंय याचंही भान नव्हतं.

“हे रोज करता?” बाईंनी विचारलं.

“छे. माझ्या दिवशी कशाला? हिच्याच दिवशी.”

“हिच्याच का?”

“हिचं दही लागत नाही म्हणून.”

बाई क्रेटवरून उठल्या. मग त्यांनी अर्धी भांडी स्वच्छ पाण्याने विसळून घेतली, अर्धी तशीच ठेवली, आणि सगळ्यांत एकच दूध, एकच विरजण धाकटीच्याच हातून घालायला लावलं. सकाळी विसळलेल्या भांड्यांत दही घट्ट, न विसळलेल्यांत पातळ दूध. जंतुनाशकाने विरजणातले जंतूच मारले होते.

सासूबाईंनी देवाला हात जोडले. थोरली मात्र मागे हटणारी नव्हती.

“पण पहिल्यांदा बिघडलं तेव्हा मी कुठे काय पुसलं होतं? मी पुसायला लागले ते त्यानंतर.”

 बाई म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही. एखाद्या गाईला जंतू मारणारं औषध टोचलेलं असेल, ते दुधात उतरलं असेल. नसेलही. ते दूध आता कुठे आहे तपासायला?

“म्हणजे हिचा हातही असू शकतो.”

“मला तसं वाटत नाही. पण पहिल्या दिवसाचं कारण मला ठाऊक आहे, असं खोटं मी सांगणार नाही.”

धाकटीला वाटलं, एवढं एक खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं. सासूबाईंनी आधी धाकटीकडे पाहिलं, मग थोरलीकडे. विश्वास ठेवायचा होता त्यांना, पण मन काही जागेवर येईना.

मग धाकटीच म्हणाली, “आई, उद्यापासून वेगळे दिवस नकोत. वहिनी आणि मी, दोघी रोज मिळून लावू.”

“म्हणजे माझ्यावर पहारा?” थोरलीने विचारलं.

“तुम्ही ठेवा ना माझ्यावर. मी दुधावर ठेवीन. रोजचं वाटीभर बाजूला काढून, बर्फात, पुन्हा बिघडलं तर तपासायला.”

सासूबाई म्हणाल्या, असंच करा. दुसऱ्या दिवशी थोरली वेळेच्या आधीच येऊन उभी राहिली, बाह्या सारून. दूध कोमट झालं. धाकटीने विरजण घातलं, आणि थोरलीची नजर शेवटपर्यंत तिच्या बोटांवरून हलली नाही.