एकाच घोट्याची दोन मापं

मी एक जुना प्रोब आहे. मित्रांनो, नाव ऐकून तुमचा चेहरा कोरा झाला असणार, मला सवय आहे. सोनोग्राफी करताना डॉक्टर गार जेली लावून साबणाच्या वडीएवढं काहीतरी अंगावरून फिरवतात ना, तोच मी. चित्र माझ्यामुळे दिसतं आणि कौतुक मात्र पडद्याचं होतं. असो.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला, त्यातलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते सदाशिव पेठेतल्या डॉ. रंगनाथांच्या दवाखान्यापासून, त्यांच्या उजव्या हातात असल्यापासून. पोटातली बाळं बघणारा मी नव्हे, मी घोट्यांचा. कुणी सिंहगड उतरताना पाय मुरगाळून घेतलेला, कुणी स्कूटरवरून घसरलेला, आणि खो-खोची पोरं तर बारा महिने. घोट्याची हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्टीला लिगामेंट म्हणतात. ती किती जाड आहे, कुठे फाटली तर नाही, पोटरीचा स्नायू किती भरलाय, हे मी दाखवायचो.

पण नीट ऐका, मी एकटा काहीच दाखवू शकत नाही. मला जरा जास्त दाबलं की स्नायू चपटा होतो आणि माप कमी येतं. जरासं तिरकं धरलं की धडधाकट पांढरं लिगामेंट काळं दिसतं, अगदी फाटल्यासारखं. सगळा खेळ हाताचा. रंगनाथांचा हात असा हलका की मी टेकलोय हे पेशंटला कळायचंसुद्धा नाही. मंडईत आंबा दाबून बघता तसं इथे दाबायचं नाही, असं ते शिकाऊ डॉक्टरांना सुनवायचे.

त्यांचा एक रिवाज होता. त्यांनी घोटा मोजला की दुसऱ्याने तोच पुन्हा मोजायचा, आणि तेवढा वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आकडे नंतर बोलायचे. जुळले तरच खरे. पेशंट वैतागायचे. एक आजोबा म्हणाले होते, अहो डॉक्टर, घोटा तोच आहे, मी मध्येच बदलून आणलेला नाही. रंगनाथ हसले आणि भिंतीकडे वळले. पुढे त्यांची मुलगी सुनीती डॉक्टर होऊन आली. बापलेकीचे आकडे असे जुळायचे की मलाच भरून यायचं.

मग तो हात थरथरायला लागला. सगळ्यांत आधी ते मला कळलं. आधी अंगठा, नंतर मनगट. आकडे जुळेनात. दवाखान्याचा जिना चढताना रंगनाथ शीळ घालायचे, ती बंद झाली. एक दिवस सुनीती म्हणाली, "बाबा, प्रोब जुना झालाय. नवा मागवू या."

मला असा राग आला म्हणता! इतकी वर्षं राबलो आणि शेवटी खापर माझ्याच डोक्यावर? पण मग तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, त्यांच्या हाताकडे बघत होती. डोळे भरलेले. माझा राग तिथेच विरला. म्हटलं, ठीक आहे, म्हणा मला बिघडलेला.

मी काचेच्या कपाटात गेलो, नवा प्रोब आला आणि आकडे पुन्हा जुळू लागले. कसे जुळायचे ते मी काचेतून बघत होतो. रंगनाथांचं माप पडद्यावर राहायचं, ते भिंतीकडे वळायचे आणि सुनीती स्वतःचं माप गिळून त्यांचाच आकडा मोठ्याने बोलायची. पेशंटला खरं काय ते नंतर फोनवर सांगायची. रंगनाथ मात्र पुन्हा शीळ घालत जिना चढू लागले होते.

एका सकाळी धायरीची पूर्वा आली. खो-खो खेळणारी, पाय मुरगळून बरा होत आलेला, आणि दुपारीच निवड चाचणी. रंगनाथांनी मोजलं. लिगामेंट अजून फाटलेलं आहे, आज खेळायचं नाही, असं तिला घाई म्हणून आधीच म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. सुनीतीने मोजलं. पडद्यावर पट्टी पांढरीशुभ्र, अखंड. ती नेहमीसारखं बाबांचंच म्हणणं पुन्हा बोलणार होती. तेवढ्यात पूर्वाने हळूच विचारलं, "मॅडम, खरंच नाही का हो खेळता येणार?"

सुनीतीने डोळे मिटले. "बाबा, फाटलेलं नाहीये," ती म्हणाली.

रंगनाथांनी वळून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जुना काढ."

मित्रांनो, मी पुन्हा त्या हातात आलो. वेड्यासारखा आनंद झाला मला. त्यांनी उजव्या हाताला डाव्याचा आधार दिला, श्वास रोखला. मी मनात म्हणत होतो, एकदाच, फक्त एकदाच स्थिर राहा. नाही राहिला. मी तिरका झालो आणि पट्टी काळी दिसली. त्यांनी मला सुनीतीच्या हातात दिलं, आणि या वेळी ते भिंतीकडे वळले नाहीत. तोच घोटा, तोच मी. पट्टी पांढरी.

"प्रोब चांगला आहे," रंगनाथ म्हणाले. मग पूर्वाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जा बाळा, खेळ."

पूर्वाची निवड झाली. ती पेढे घेऊन आली तेव्हा रंगनाथ नव्हते. ते आता दवाखान्यात येतच नाहीत. मी पुन्हा कामाला लागलोय, सुनीतीच्या हातात. सगळे म्हणतात, बघा, उगाच बदनाम केला होता बिचाऱ्याला. मला ते ऐकवत नाही.

सुनीती परवा कुणाला तरी सांगत होती, घरी बाबांच्या हातून चहा सांडतो, म्हणून ते हल्ली कपाला हातच लावत नाहीत. नको म्हणतात. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर मित्रांनो, एवढं करा. कप अर्धाच भरा, पण द्या त्यांच्याच हातात. सांडला तर सांडू दे, पुसून घ्या. मला तर तो हात थरथरत होता तेव्हाही हवा होता.