चुन्याखालची वाट

═

दोन आडव्या रेघा, वर पिवळी, खाली लाल. म्हणजे वाट बरोबर आहे, चालत राहा.

╗

रेघा टोकाला मोडलेल्या. म्हणजे वळा.

╳

फुली. म्हणजे इकडे येऊ नका, मागे फिरा.

एवढं कळलं की कोणालाही आमच्या रिबैरालपासून मिरा नदीपलीकडच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जाता येतं. पाच किलोमीटर. चढ एकच, तोही शेजारच्या ग्रासिंदाच्या कोंबड्या रोज चढतात तेवढा.

हे मी आत्ता सांगते आहे. त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता आमच्या गावात एकही रेघ नव्हती.

═

देओलिंदा एकतीस वर्षं पोस्टमन होती. (पोस्टवूमन म्हणा हवं तर. आम्ही तिला देओलिंदाच म्हणतो.) चौकातून निघायची. सामायिक भट्टी, ऑलिव्हची बाग, बुचाचे ओक, जुनी पाणचक्की, नदीतले पंधरा दगड, आणि पलीकडे कुस्तोदिया मावशीचं घर. तिथे वाट संपायची. गाडीरस्ता नाही, कधीच नव्हता. कुस्तोदिया मावशीला पत्र नसेल त्या दिवशी देओलिंदा कालचंच पुन्हा वाचून दाखवायची. मावशीची नजर गेली आहे, कान मात्र सशाचे.

मग टपालखात्याचा हुकूम आला. सगळ्यांच्या पत्रपेट्या हमरस्त्यावर एका ओळीत ठोकल्या आणि देओलिंदा निवृत्त झाली. दोन पावसाळ्यांत वाटेवर काटेरी वेली आल्या. मावशीचा मुलगा लक्झेंबर्गला असतो. त्याचा फोन आला: "आई, तिथे वाटच उरली नाही. पडलीस तर कोण येणार? ऑक्टोबरात तुला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवतो."

मावशी म्हणाली, "मी इथेच मरणार आहे. पण सध्या वेळ नाही."

मुलगा म्हणाला, वाट झाली तर बघू.

म्हणून देओलिंदाने लिस्बनच्या पायवाट संघाकडे अर्ज केला. संघाच्या माणसाने येऊन पाहून पायवाट मंजूर केली, तर नगरपालिका ती दर वर्षी साफ करते. लोक चालायला येतात. वाट राहते. वाट राहिली तर मावशी राहते. एवढीच गोष्ट.

वेली तोडायला तिला महिना लागला. रेघा रंगवायला आठवडा. एकूण त्रेचाळीस खुणा.

╳

आता माझी चूक. मी फिलोमेना, चौकातला कॅफे माझा. लिहिते आहे तीच.

देओलिंदा शुक्रवारी नातवाच्या बाप्तिस्म्याला सेतुबालला गेली. मंगळवारी सकाळच्या बसने परत येणार होती, आणि संघाचा माणूसही त्याच बसने.

शनिवारी ग्रासिंदा कॅफेत आली. कमरेवर हात.

"लिस्बनचा पाहुणा येणार, आणि तुझी भिंत ही अशी?"

"कशी?"

"मेलेल्या माणसाच्या दातांसारखी."

आमच्याकडे पाहुणा येण्याआधी चुना लावतात. सणाआधी लावतात, लग्नाआधी लावतात, कोणी मेलं तर महिन्याने लावतात. माझी आई बाळंत होण्याच्या आदल्या दिवशी घर पांढरं करत होती, म्हणून मी शिडीजवळ जन्मले. तर आम्ही नऊ बायकांनी पिंपात चुना विरवला, कुंचे काढले, आणि

(इथे चुना)

भट्टी. बाकं. कारंजं. फाटकांचे खांब. बागेचा दगडी बांध. पाणचक्कीची भिंत. नदीकाठचा खडक, तो का ते देवाला ठाऊक. ग्रासिंदाला आवरली नसती तर तिने

(इथे चुना)

कोंबडीही सोडली नसती. संध्याकाळी गाव दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. आम्ही इतक्या खूश होतो की गाणी म्हटली.

मी माझ्या भिंतीवरची रेघ पाहिली होती. खरं सांगते, पाहिली. पण हातात कुंचा असला की मी भिंत पाहते, भिंतीवरचं काही पाहत नाही. माझ्या आईनेही नसतं पाहिलं.

बुचाच्या ओकांवरच्या खुणा वाचल्या, कारण झाडांना आम्ही चुना लावत नाही. बाकी सतरा गेल्या.

╗

मंगळवार. बस. देओलिंदा उतरली, हातात बाप्तिस्म्याच्या केकचा डबा. मागून एक उंच, किडकिडीत माणूस, सेन्योर नाबाइश. पांढरा शर्ट, गळ्यात लटकवलेली पाटी, पाटीवर फॉर्म.

देओलिंदाने माझ्या भिंतीकडे पाहिलं. मग भट्टीकडे. मग कारंज्याकडे. मग माझ्याकडे.

"फिलोमेना," ती हळूच म्हणाली, "माझ्या रेघा कुठे आहेत?"

"आत आहेत."

"कशाच्या आत?"

"चुन्याच्या."

तिने केकचा डबा टेबलावर ठेवला. फार सावकाश ठेवला. तो तिने माझ्या डोक्यावर ठेवला असता तरी मी काही बोलले नसते.

सेन्योर नाबाइश नियम सांगत होते: "अर्जदार माझ्यासोबत चालतील, पण मागून. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. अनोळखी माणसाला खुणांवरून वाट सापडते का, एवढंच मला पाहायचंय. खुणा सापडल्या नाहीत तर पुढचा अर्ज दोन वर्षांनी."

दोन वर्षांनी. आणि ऑक्टोबर पाच महिन्यांवर.

देओलिंदाने माझ्या हातात काहीतरी कोंबलं. तिच्या कोठाराची किल्ली. रंगाचे डबे तिथे असतात.

"इंजिनियर साहेब!" ग्रासिंदा दारातून गरजली. तिला सगळं एका नजरेत कळलं होतं. "रिकाम्या पोटी चालणार? आमच्या गावात?"

"मी इंजिनियर नाही, बाई."

"असू दे. नम्र माणसं आवडतात आम्हाला. बसा."

═ ═ ═ (ओल्या)

माझं वय एकसष्ट. वजन विचारू नका. एका हातात पिवळा डबा, दुसऱ्यात लाल, दातांत ब्रश. माझ्या भिंतीवरची खूण उरकून भट्टीवर दुसरी ओढली तेव्हा ग्रासिंदाच्या अंगणातून आवाज येत होता:

"अंडं एकच? इंजिनियर साहेब, कोंबडीला वाईट वाटेल."

कारंजं. बाक. फाटक. ऑलिव्हच्या बागेतून तिरकी पळाले. मागे वळून पाहिलं तर ते निघाले होते. पुढे तो, मागे देओलिंदा, केकचा डबा काखेत, ओठ आवळून, मिरवणुकीतल्या लाकडी पुतळ्यासारखी. प्रत्येक घराशी एक बाई उभी. बातमी माझ्यापेक्षा जोरात पळाली होती.

"डॉक्टर साहेब, टोमॅटोचं सूप!"

"मी डॉक्टरही नाही."

"मग तर खायलाच हवं. डॉक्टर नको म्हणतात."

दुसऱ्या फाटकाशी बकरीचं चीज. तिसऱ्याशी चोरिसो सॉसेज घातलेला पाव, गरम. बांधाच्या सुरुवातीला म्हातारा अल्बानो डोंगरी फळांची घरची दारू घेऊन बसलेला, एवढासा पेला. "औषध आहे, पायांना." सेन्योर नाबाइशनी पायांना लावली नाही, प्यायले.

मी बांधावर अकरावी खूण करत होते. घाम डोळ्यांत. वर लाल, खाली

उलटं झालं. पुसायला वेळ नव्हता. मागे आवाज आला, मी बांधापलीकडे उडी मारली. उडी म्हणजे पडले.

"हं," त्यांचा आवाज, डोक्यावरून. "ही उलटी आहे."

देओलिंदा खोकली.

"आणि ओली आहे."

देओलिंदा पुन्हा खोकली, जरा जास्त.

"तुम्हाला बरं नाही का?"

तिने मान हलवली. बोलायची परवानगी नव्हती.

पुढे बुचाचे ओक. सोललेल्या तांबड्या बुंध्यांवर पांढरे आकडे, कोणत्या वर्षी साल काढली ते सांगणारे, आणि शेजारी देओलिंदाच्या शाबूत रेघा. मे महिना. खाली पिवळी-जांभळी फुलं गुडघ्यापर्यंत. इथे मला दम घेता आला असता. मी घेतला नाही. पाणचक्कीवर चार खुणा होत्या, चारही केल्या. सोळा झाल्या.

सतरावी नदीकाठच्या खडकावर. तिथे वाट फुटते. डावीकडची गुरांच्या पाणवठ्यावर जाते आणि चिखलात संपते. उजवीकडची वेतांच्या आडून दगडांकडे. खूण नसेल तर कोणीही डावीकडेच जातो, कारण ती रुंद आहे.

मी खडकाशी पोहोचले. पिवळा डबा उघडला.

रिकामा.

तळाला ब्रश घासला. डागही निघाला नाही. नुसती लाल रेघ काढली तर तिचा काहीच अर्थ होत नाही. आणि वेत सळसळले. मी पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत, वेतांच्या मागे. शेजारी एक करकोचा उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

 

सेन्योर नाबाइश खडकासमोर थांबले. पांढरा खडक. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. खिशातून पेन काढलं.

देओलिंदा मागे उभी. तिचे हात मला दिसत होते. एकतीस वर्षं दररोज ती याच जागी उजवीकडे वळली होती. तिचं उजवं पाऊल थोडं वळलेलंच होतं, आणि तिने ते सरळ केलं. मुद्दाम. खोटं करायचं नाही म्हणून. मी वेतांत रडायला लागले, म्हणजे नाक चोंदलं, आवाज न करता.

पेन कागदाला टेकलं.

"देओलिंदा!"

नदीपलीकडून. आवाज असा की करकोचा उडाला.

"देओलिंदा, तुझी पावलं ऐकतेय मी कधीची! खडकाशी का थांबलीस गं? आणि हा सोबत कोण? बूट नवे आहेत त्याचे! मुका आहे का? अहो नवे बूट! डावीकडे जाऊ नका, तिकडे शेण आहे! वेतांच्या आडून या, दगडांवरून! तिसरा दगड हलतो, त्यावर उभं राहून विचार करू नका!"

देओलिंदा बोलली नाही. कुस्तोदिया मावशी अर्जदार नव्हती. तिला बोलायला कोणी मनाई केली होती?

सेन्योर नाबाइश पेन खिशात ठेवून वेतांच्या आडून आले. माझ्यासमोर थांबले. मी, पाण्यात, दोन डबे घेऊन.

"बोंस दीयास," ते म्हणाले.

"नमस्कार, इंजिनियर साहेब."

त्यांनी डाव्या बाहीकडे बोट केलं. पांढऱ्या शर्टावर दोन रेघा, पिवळी आणि लाल. "पाणचक्कीच्या भिंतीला टेकलो होतो. तुमच्यासाठी. तुमचा दम फार मोठ्याने ऐकू येत होता, म्हणून म्हटलं जरा थांबावं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, सहा घरी मी काही भुकेपोटी जेवलो का? दुसऱ्या घरीच पोट भरलं होतं." मग पहिल्या दगडावर पाय ठेवता ठेवता: "चौकात दगडांवर चुन्याचे ताजे थेंब होते, तेव्हाच कळलं. माझी आईही इकडचीच, आलेन्तेजूची."

═

फॉर्ममधून:

लांबी: पाच किलोमीटर.
लागणारा वेळ: दीड तास. (पाहुणचारासह साडेचार.)
काठिण्य: सोपी. शेवटपर्यंत पोट हलकं ठेवणं अवघड.
खुणा: सव्वीस जुन्या, सोळा ताज्या, त्यांतली एक उलटी. सतरावी जागा: खडकावर खूण नाही. समोरच्या काठावर एक आजी आहेत, स्पष्ट ऐकू येतात.
निर्णय: तात्पुरती मंजुरी. पुढच्या चुन्यानंतर पुन्हा पाहणी.

शेवटचं वाक्य त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. कुस्तोदिया मावशीच्या दारात, देओलिंदा केक कापत असताना.

"तात्पुरती म्हणजे?" मावशीने विचारलं. "मला ऑक्टोबरात नेणार की नाही?"

"वाट साफ होणार, आजी. ऑक्टोबरातसुद्धा."

"मग ठीक." मावशीने केक हाताने चाचपला. "मोठा तुकडा कोणाला दिलास गं? नव्या बुटांना? बरोबर आहे. दे."

देओलिंदा पहिल्यांदा बोलली. सकाळी माझ्याशी बोलली होती त्यानंतरचं पहिलं.

"फिलोमेना. माझा डबा रिकामा केलास."

"भरून देते."

"आणि अकरावी उलटी?"

"ती राहू दे," सेन्योर नाबाइश म्हणाले, तोंडात केक. "मी ती नोंदवली आहे. आता सरळ केली तर नोंद चुकेल."

╗

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा चुना लावला. या वेळी प्रत्येक खुणेभोवती वीतभर भिंत सोडून. ती जुनीच राहिली, मळकी. ग्रासिंदा भुणभुणत होती, "ठिगळं लावलेली चादर दिसते नुसती. लोक काय म्हणतील." कुंचा खुणेजवळ आला की आपोआप आत वळायचा, इतका तिला मोह व्हायचा. पण तिने नाही लावला. एका खुणेशी मी तिला डोळे मिटून पुढे जाताना पाहिलं.

सेन्योर नाबाइश आले. ग्रासिंदाकडेच जेवले आणि सहाव्या घरापर्यंत नाही म्हणाले नाहीत. "तात्पुरती" हा शब्द त्यांनी खोडला, एका आडव्या रेघेने.

═

आता शनिवारी लोक येतात. देओलिंदाने माझ्या कॅफेच्या भिंतीवर पहिल्या खुणेशेजारी एक पिशवी टांगली आहे. हमरस्त्यावरच्या पेटीतून ती सकाळी मावशीची पत्रं आणून त्यात टाकते. खाली पाटी: तिकडेच जाताय, तर हे घेऊन जा. आणि वाचून दाखवा, त्यांना दिसत नाही.

मावशीने खुर्ची घराबाहेर आणली. आतली जागा रिकामी ठेवली आहे, हिवाळ्यासाठी.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी गेले होते, पाव द्यायला. मावशी वैतागलेली होती.

"झोप नाही दुपारची, काही नाही," ती म्हणाली. "आठ जण आले. आठ! सगळ्यांनी आळीपाळीने वाचून दाखवलं."

"काय आलं होतं?"

"एकच कागद. दुकानाची जाहिरात. कोंबडी स्वस्त झाली आहे," मावशी म्हणाली आणि पाय खुर्चीखाली घेतले. "आता पाठ झालंय मला. बस, म्हणून दाखवते."