शनिवारच्या सामन्यासाठी उतरवलेलं काळं

माझे यजमान फेलिसियानो गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी शब्द दिला होता. वर्षभर काळं घालीन आणि वर्षाच्या दिवशीच उतरवीन, एक दिवसही आधी नाही. रोज पहाटे रोझरीची जपमाळ, रोज संध्याकाळी कबरीवर मेणबत्ती. देवाच्या कृपेने काही चुकलं नाही. वर्षाचा दिवस शनिवारी येत होता.

फुटबॉलच्या सुपर कपचा सामना खरं तर तीन आठवड्यांपूर्वीच व्हायचा होता. समोरच्या संघातली अर्धी पोरं परीक्षेला बसली, म्हणून तो पुढे गेला. मग मैदानावर संचलन निघालं, म्हणून पुन्हा पुढे. असा ढकलत ढकलत तो येऊन पडला नेमका त्या शनिवारी, दुपारी तीनला, तिकडे राजधानीत, दिली शहरात. आम्ही इथे लांब, बाऊकाऊला.

माझा थोरला, जानुआरियु, लीग जिंकलेल्या संघाचा दुसरा गोलकीपर. दोन वर्षं त्याने बाकावर काढली. पहिल्याचं बोट मोडलं म्हणून हा एक सामना त्याच्या वाट्याला आला होता. पण थोरला मुलगा हजर नसताना बापाचं काळं उतरवत नाहीत, आणि वर्षाच्या पुढेही ते नेत नाहीत.

"जाऊ दे गं आई," तो म्हणाला. "मी नाही जात." आणि ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या दिरांकडे, आबिलियुंकडे गेले; त्यांना मी माऊन, म्हणजे दादा, म्हणते. "माऊन, मंगळवारीच उतरवू या."

"देओलिंदा, तू म्हणतेस हे? दुसरी कुणी बाई म्हणाली असती तर मला नवल वाटलं नसतं."

"पोराला एकच संधी आहे, माऊन."

"आणि माझ्या भावाला किती आहेत?"

मी मान खाली घातली, पण जागची हलले नाही. शेवटी ते म्हणाले, "बरं. वर गेल्यावर त्याला जाब तू द्यायचा. मला मध्ये घ्यायचं नाही."

मंगळवारी चर्चमध्ये मिस्सा झाली, डुक्कर कापलं, सगळ्यांच्या दंडावरच्या काळ्या फिती टोपलीत जमा झाल्या. मी लाल फुलांचा ब्लाउज घातला. अंगाला तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा लागत होता. मी भात वाढायला घेतला आणि जानुआरियुचा फोन वाजला.

त्याने निरोप वाचला. परत वाचला.

"काय रे?"

"सामना पुढे गेला."

"किती पुढे?"

"महिनाभर. पंच शिबिराला परदेशी गेलेत."

"सगळे?" माऊननी विचारलं.

"सगळे, तिऊ," तो काकांना म्हणाला.

महिन्याभरात पहिल्या गोलकीपरचं बोट जुळणार, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. नणंद उंबेलिना टोपलीकडे बघत पुटपुटली, "मग आता परत वाटायच्या का या?"

एकदा उतरवलेलं काळं परत चढत नाही. माझ्या हातातलं पातेलं कुणी काढून घेतलं ते मला कळलं नाही. दिलेला शब्द गेला होता आणि ज्याच्यासाठी गेला तो सामनाही गेला होता. पुढचे चार दिवस रोझरी म्हणताना माझे मणी चुकत राहिले.

शनिवारी दुपारी तीनला आम्ही मायलेक कबरीपाशी होतो. मी माफी मागायला गुडघे टेकले.

"अहो, चुकले मी. पण तुम्ही ऐका तरी. आधी सामना पाच तारखेला होता. मग परीक्षा आल्या. मग संचलन आलं. मग त्यांनी तो तुमच्याच दिवशी ठेवला. आणि मग अख्ख्या देशातले पंच एकदम…"

पुढे बोलता येईना. पोटातून काहीतरी उसळून वर आलं. मला वाटलं, रडू असेल. ते हसू होतं. दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी ते बोटांतून बाहेर पडत होतं.

जानुआरियुने दचकून माझा दंड धरला. "आई! अगं आई, लोक बघतायत!"

बघू देत, म्हणायलाही मला श्वास पुरेना.